कोणाचीच नसलेली जागा

उत्तनच्या किनाऱ्यावर मॉलीशी वाद घालून जिंकलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. भाईंदरहून सुका बाजार, म्हणजे सुकी मासळी, घ्यायला येणारे व्यापारी तिच्या पाटीपाशी आले की आधी खिसा चाचपत आणि मग कान. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज असा खणखणीत की चर्चच्या गाण्यात तिला मुद्दाम शेवटच्या रांगेत उभं करत, आणि तरी पुढच्या रांगेतल्यांना फक्त तीच ऐकू येई. नवरा आर्थर गरीब बिचारा. जन्मभर होडीचं सुकाणू धरणारा तांडेल होता, वादळात डगमगला नाही, पण घरात तो बोलायचा ते बहुतेक 'हो' एवढंच.

अशी ही बाई एका चौकोनापुढे हरली. बोटाच्या पेरात मावेल एवढ्या. त्याची गोष्ट सांगायची तर आधी जागेची सांगायला हवी.

चर्चच्या मागून खाली उतरलं की समुद्राच्या अलीकडे एक मोठं मैदान होतं. पावसाळा सरला की गावातल्या बायका तिथे बांबू रोवायच्या, बांबूंना दोऱ्या ताणायच्या, आणि त्या वलांडींवर बोंबील सुकवायच्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. मॉलीचे हात या कामात असे चालत की बघणाऱ्याचे डोळे मागे पडत. प्रत्येक घराची रांग ठरलेली होती. मॉलीला तिची रांग सासूकडून मिळाली, सासूला तिच्या सासूकडून. शेजारची रांग अंबिकाची. दोघींच्या रांगांमध्ये एका माणसाने चालावं एवढी वाट होती आणि त्या वाटेवरून दोघी आयुष्यभर कडाकडा भांडल्या. तुझी पाटी माझ्या वाटेत, तुझ्या बोंबलांचं पाणी माझ्या पायावर. पण एकीचा बांबू दुसरीने कधी हलवला नाही. जून उजाडला की बांबू उपटून घराच्या वळचणीला ठेवायचे आणि मैदान पावसाच्या स्वाधीन करायचं.

या सगळ्याचा कागद कुठेच नव्हता. कधी लागलाही नव्हता. सातबाऱ्यावर ती जमीन सरकारची होती, पण सरकार काही तिथे बोंबील सुकवायला येत नव्हतं. आणि गावाची एक रीत होती, त्या जमिनीला कुणी 'माझी' म्हणायचं नाही. रांग माझी, दोरी माझी, मासळी माझी, जमीन मात्र कोणाचीच नाही. नव्या नवरीला पहिल्या मोसमात हे शिकवलं जाई. जी बाई 'माझी जागा' म्हणेल तिच्या बोंबलांत अळ्या पडतात, असं मॉलीची सासू सांगायची. मॉलीचा त्यावर विश्वास होता की नाही देव जाणे, पण तिने तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. उगाच कशाला विषाची परीक्षा?

मुलगी व्हेनेसा शिकली आणि मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एका इस्टेट एजंटच्या ऑफिसात लागली. ऑफिसने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक तिने घरी आणला. येशूच्या तसबिरीखाली टेबलावर तो विराजमान झाला, मॉलीने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद पडू लागला.

२००७ सालच्या पावसाळ्यातला रविवार. होड्या वर ओढलेल्या, चर्चमधली मिस्सा आटोपलेली, आर्थर खुर्चीत पेंगत होता.

"मम्मी, इकडे ये ना. तुला आपलं घर दाखवते," व्हेनेसा म्हणाली.

"घरातच बसून घर काय दाखवतेस?"

"ये तर. ऑफिसमध्ये आम्ही यावर कस्टमरला बिल्डिंग दाखवतो. पूर्ण मीरा-भाईंदर दिसतं. माउसने पुढे जायचं, हवं तिथे झूम करायचं."

मॉली परक्या घरचा पदार्थ चाखायला जावं तशी संशयानेच आली. पडद्यावर समुद्र होता, दीपस्तंभाचा ठिपका होता, आणि मग सरकत सरकत एक कौलारू छप्पर आलं. त्यावर आर्थरने अंथरलेलं निळं प्लॅस्टिक.

"आयला! वरून सगळं दिसतंय होय?" म्हणत मॉलीने नकळत गाऊन सारखा केला.

नकाशाची आणखी एक गंमत होती. कुणीही चौकोन काढावा आणि आत काय आहे ते लिहावं. विचारणारं कुणी नाही. गावातल्या पोरांनी आधीच धुमाकूळ घातला होता. चर्चवर चर्चचं नाव होतं ते ठीक, पण एका पत्र्याच्या छपरावर 'एल्रॉय, बेस्ट डान्सर ऑफ उत्तन' असंही झळकत होतं. मॉली पोट धरून हसली. मग म्हणाली, "आपलं मैदान दाखव."

व्हेनेसाने दाखवलं. हिरवट, तपकिरी, ओकंबोकं. ना बांबू, ना दोरी.

"आणि वलांडी कुठं हायत?"

"पावसाळ्यातला फोटो असेल. तेव्हा तिथे काय असतं?"

मॉलीला ते बरं वाटलं नाही. एल्रॉयच्या नाचाला नाव आणि मैदानाला काही नाही? "तू लिही काय तरी तिथं," ती म्हणाली.

व्हेनेसाने चौकोन काढला. "काय लिहू? आपली जागा लिहू?"

"खबरदार!" मॉलीने तिच्या हातावर चापट मारली. "आपली न्हाय. कोणाचीच न्हाय ती. तसंच लिही. आणि लिही, कोणी बी येवा."

कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नव्हती. व्हेनेसाने इंग्रजीत लिहिलं की हे मोकळं मैदान आहे, कोणाच्याही मालकीचं नाही, कुणीही यावं. खाली लिहिणाऱ्याचं नाव मागितलं होतं. तिथे तिने लाडाने 'मॉली, उत्तन' असं टाकलं. आपलं नाव जगभर दिसतं म्हटल्यावर मॉलीला आभाळ ठेंगणं झालं. पुढचे कित्येक दिवस किनाऱ्यावर ती येईल त्याला हे सांगत होती. अंबिकाला तर दोनदा सांगितलं.

तो मोसम नेहमीसारखा गेला. बांबू उभे राहिले, बोंबील सुकले, दोघी वाटेवरून भांडल्या. मग पुढच्या उन्हाळ्यात नोटीस आली. कुठल्याशा कंपनीला ते मैदान सरकारकडून भाडेपट्ट्याने हवं होतं, तिथे रिसॉर्ट बांधायचं होतं, कुणाची हरकत असेल तर कचेरीत येऊन सांगा. गाव हसलं. बोंबलाच्या वासात कोण येऊन राहणार? तरी जूनमधल्या सुनावणीला जायचं ठरलं आणि बोलायला अर्थातच मॉलीला पुढे केलं. टेम्पोत बसून बायका निघाल्या तेव्हा अंबिका म्हणाली, "आज तुझ्या जिभेचा काय तरी उपयोग होऊ दे."

कचेरीतले साहेब भले वाटले. त्यांनी बायकांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मॉली बोलली, आणि फक्कड बोलली. सासूच्या सासूपासून सगळं सांगितलं, बोंबील कसे टांगतात ते हवेत हात फिरवून दाखवलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, जागा तुमच्या वापरात आहे याचा काही पुरावा?"

"पुरावा काय? या सगळ्या बाया हायत ना!"

मग कंपनीच्या बाजूने कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण उठला. त्याने एक रंगीत कागद टेबलावर ठेवला. मॉलीने तो लांबूनच ओळखला. हिरवट, तपकिरी, ओकंबोकं.

"सर, साइट पूर्ण रिकामी आहे. आणि आम्ही नाही म्हणत, गावातल्याच व्यक्तीने तसं लिहून ठेवलंय."

साहेबांनी चष्मा लावला आणि वाचलं. कोणाच्याही मालकीचं नाही. कुणीही यावं. मग त्यांनी मान वर केली. "यात मॉली कोण?"

मॉलीला खोटं बोलता आलं असतं. उत्तनमध्ये काय एकच मॉली होती? पण आयुष्यभर तोंडावर बोललेल्या बाईला तोंड लपवायची सवय नव्हती.

"मी," ती म्हणाली.

सगळ्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं. अंबिकाने पाहिलं ते तर तिला सोसवेना.

"पण साहेब, ते तसं न्हाय. आमच्यात तसं बोलायची रीत हाय. कोणाची न्हाय म्हणजे... म्हणजे ती आमची..." तिथे ती अडकली. 'आमची' म्हटलं तर रीत मोडत होती, न म्हटलं तर जागा जात होती. कोणाची नाही म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे भलत्याची नाही, ही उत्तनच्या शेंबड्या पोरालाही कळणारी गोष्ट त्या पंख्याखाली, त्या टेबलापुढे कशी सांगायची तेच तिला सुचेना. साहेबांनी तिच्यासाठी थोडा वेळ थांबून पाहिलं, आणि मग लिहायला घेतलं.

त्या संध्याकाळी घरी येताच तिने व्हेनेसाला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "पूस ते. लिही, बोंबील सुकवायची जागा, उत्तनच्या बायांची." छातीवर क्रूस काढून तिने हे सांगितलं. व्हेनेसाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो चौकोन गायब, आणि त्याच्याहून मोठा चौकोन तिथे पडलेला. आत रिसॉर्टचं नाव. बांधायच्या आधीच. व्हेनेसाने तो पुसून पुन्हा लिहिलं. सकाळी पुन्हा रिसॉर्ट. पोरीने नकाशावाल्यांना मेल पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही.

"पण हे करतंय कोण?" मॉली विचारायची.

"कळत नाही ना मम्मी. कुणीही करू शकतं."

"मग त्याला फोन लाव. मी बोलतंय त्याच्याशी."

"कुणाला लावू?"

हेच तर होतं. व्यापारी असता तर मॉलीने त्याला उभा सोलला असता. अंबिका असती तर तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथे भांडायला समोर तोंडच नव्हतं. रोज संध्याकाळी ती खुर्ची ओढून पडद्यापुढे बसायची, व्हेनेसा चौकोन काढायची, आणि रोज तो जायचा. शेवटी एक दिवस आर्थरच म्हणाला, "पुरे आता. पोरीचे डोळे जातील." मॉली काही न बोलता उठली, आणि आर्थरला त्याचीच जास्त भीती वाटली.

भाडेपट्टा कंपनीला मिळाला आणि भर पावसात मैदानाभोवती पत्रे लागले. मैदान तेव्हा खरोखरच रिकामं होतं. मोसम सुरू झाला आणि बायका बांबू खांद्यावर घेऊन खाली उतरल्या, तर निळ्या पत्र्यांची भिंत आणि दारात एक रखवालदार. "अंदर जाना मना है, मौसी," तो म्हणाला. तो तरी काय करणार? बायकांनी बांबू खांद्यावरून खाली टेकवले. मग अंबिका वळली आणि मॉलीला म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं गं लिहायला?" त्या दिवसापासून दोघी बोलल्या नाहीत. भांडल्याही नाहीत.

मॉलीने खिडकीच्या गजापासून समोरच्या विजेच्या खांबापर्यंत दोरी बांधली. मावतील तेवढे बोंबील टांगले. वाऱ्याला वाव नव्हता, गल्लीची धूळ बसायची, निम्मे काळे पडायचे. पुढे तिने तेही सोडलं. होडीवरून ओले बोंबील आले की मिळेल त्या भावाला देऊन टाकू लागली, आणि व्यापाऱ्यांना आता कान चाचपावे लागत नव्हते.

नाताळ झाल्यावर एका रविवारी व्हेनेसा ओरडली, "मम्मी, फोटो बदललाय!"

नकाशावर नवं चित्र आलं होतं. पत्रे लागायच्या आधीच्या, शेवटच्या मोसमातलं. मैदानभर वलांडी होत्या, चंदेरी, सरळ, एकामागे एक. मॉलीने आपली रांग शोधली. तिच्या आणि शेजारच्या रांगेमधल्या वाटेवर दोन ठिपके होते, अगदी समोरासमोर.

"तू आणि अंबिकामावशी," व्हेनेसा हळूच म्हणाली. "भांडताय बहुतेक."

चित्रावर रिसॉर्टचा चौकोन होताच, तो काही निघाला नव्हता. पण मॉलीच्या अंगात बळ संचारलं. व्हेनेसाने ऑफिसातून ते रंगीत छापून आणलं आणि मॉली ते घेऊन एकटी कचेरीत गेली. साहेबांनी तिला ओळखलं. कागद नीट पाहिला.

"बाई, यावर तारीख कुठाय? इंटरनेटवरच्या चित्राला मी पुरावा कसा मानू?"

"त्यांचं चित्र मानलंत ना, साहेब!"

"चित्र नाही मानलं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीवच होती. "तुम्ही स्वतः कबूल केलंत, म्हणून मानलं."

परत येताना मॉली घरी गेली नाही. ती अंबिकाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि कागद पुढे केला. अंबिकाने तो घेतला, उंबऱ्यावर बसली, उलटासुलटा करून पाहू लागली. मॉलीने बोटाने दाखवलं. "ही तू. ही मी."

अंबिकाने एका रांगेवर बोट ठेवलं आणि मोठ्याने, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी जागा." बोट सरकवलं. "आणि ही तुझी."

"अगो, हळू!" मॉलीने घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "अळ्या पडतील."

मग दोघींनी एकदमच अंबिकाच्या दारापुढे बांधलेल्या दोरीकडे पाहिलं. तिच्यावर एक टॉवेल तेवढा वाळत होता.