देवयानीच्या जागचा ओरखडा

थोरला भाऊ गेला त्याला आता चार महिने झाले. परवा वहिनींनी त्याच्या ट्रंकेतला एक फोटो माझ्या हातात दिला, म्हणून हे लिहितो आहे. फोटो मीच काढला होता. त्यात जे असायला हवे ते नाही.

साठच्या दशकातली मधली वर्षे. मी शिराळ्याजवळच्या आमच्या गावात हायस्कूलवर शास्त्र शिकवत होतो. भाऊ फौजेत होता आणि ऊस तुटायच्या दिवसांत रजेवर यायचा. एका रजेत त्याने घडीचा कॅमेरा आणला. मला पुस्तके वाचून एक खूळ लागले होते: देवयानी तारकासमूहातल्या दीर्घिकेचा फोटो काढायचा. मार्गशीर्षात अंधार पडला की ती जवळजवळ डोक्यावर असते, आणि चांदणे नसेल तर नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसते. मला दिसायची. भावाला दिसत नव्हती.

दोष त्याच्या डोळ्यांत नव्हता. इतकी पुसट वस्तू रोखून पाहिली की नाहीशी होते. जरा बाजूला पाहिले की डोळ्याच्या कोपऱ्यात उमटते. भावाने पंधरा वर्षे बंदुकीचा नेम धरला होता. बाजूला बघणे त्याला जमेना.

“मास्तर, जे बगायचं त्येच्याकडं बगायचं न्हाई, हे कुठल्या साळंत शिकवत्यात रं?”

“दादा, थोडं डावीकडं बघ.”

“डावीकडं तुजं नाक दिसतंय.”

तेव्हा मी ठरवले, त्याला ती फोटोतच दाखवायची. कागदावरच्या डागाकडे कितीही रोखून पाहिले तरी तो जात नाही. फक्त त्याची रजा संपायच्या आत फोटो हातात यायला हवा होता.

शटर चाळीस मिनिटे उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्या वेळात आकाश सरकते. मी सुताराकडून एक लाकडी तिवई करून घेतली होती. तिचा आस ध्रुवाकडे रोखलेला, वर कॅमेरा आणि शाळेची छोटी दुर्बीण शेजारी शेजारी बांधलेली. मी दुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा ठेवायचो आणि भाऊ स्क्रूची मूठ फिरवून कॅमेरा ताऱ्यांमागे सरकवायचा. “पुढे... थांब... पुढे.” जी त्याला कधी दिसली नाही तिच्यासाठी तो चाळीस मिनिटे उकिडवा बसायचा. विडीही पेटवायचा नाही, कारण उजेड चालत नाही असे मी सांगितले होते.

पहिल्या खेपेला भिंगावर दव धरले. दुसऱ्या खेपेला शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागले आणि चुलवाणाच्या उजेडाने फिल्म वाया गेली. तिसरा फोटो साधला, पण फिल्म मी घरीच विहिरीच्या पाण्यात धुतली, आणि तारे कोणते नि वाळू कोणती हे सांगता येईना. चौथी फिल्म घेऊन मी सांगलीच्या एका स्टुडिओत गेलो. वाळूचा धसका घेतला होता, म्हणून तीनतीनदा बजावले, “धुळीचा एक ठिपका राहता कामा नये.” फोटो कशाचा आहे ते सांगायचे राहिले.

रजेचे तीन दिवस उरले असताना आम्ही दोघे एसटीने फोटो आणायला गेलो. तिथे फोटो दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांनी पाकिटातून फोटो काढून समोर ठेवला. तो काळा होता. एकसारखा, तुळतुळीत काळा.

“गुरुजी, किती घाण होती हो त्याच्यावर! बारीक ठिपके फोटोवर शाईनं भरले. मधला मोठा डाग मात्र निगेटिव्हवरच ब्लेडनं खरवडून काढला. दोन दिवस मान मोडलीय माझी.”

भावाने फोटो दाराशी उजेडात नेऊन नीट पाहिला.

“बरोबर आलाय की,” तो म्हणाला. “मला बी एवढंच दिसत हुतं.”

त्या गृहस्थांना हे कौतुक वाटले.

मग मी त्याच निगेटिव्हचा शाई न लावलेला फोटो करून मागितला. त्यांनी तो नाखुशीने दिला. असला फोटो आमच्याकडचा म्हणून कुणाला दाखवू नका, म्हणाले. त्यात तारे सगळे होते, टाचणीच्या टोकाएवढे. एकही ओढला गेला नव्हता. मूठ चांगली फिरली होती. आणि मधोमध, दीर्घिकेच्या जागी, आकाशाहूनही काळा, गव्हाच्या दाण्याएवढा ओरखडा.

भावाने त्यावर बोट ठेवले. “हितं हुती?”

“हो.”

“एवढीच?”

“साधारण एवढीच.”

त्याने फोटो मागून घेतला आणि ट्रंकेत ठेवला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. पुन्हा फोटो काढायचा राहून गेला.

“आवं भावजी,” परवा वहिनी म्हणाल्या, “पेन्शनीत आल्यावर घरी कोन बी आलं की ह्ये ट्रंकेतनं ह्यो फोटू बाहेर काडायचं. हितं सरळ बगू नगा, जरा बाजूला बगा, मंग दिसंल, म्हनायचं.”

“दिसायचं लोकांना?”

“कशाचं दिसतंय? पर व्हय म्हटल्याबिगर च्याला हात लावू देत नव्हतं.” त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. “तुमाला दिसतंय का?”

मी ओरखड्याच्या जरा डावीकडे पाहिले, हो म्हणालो आणि चहा घेतला.