गाळलेली रीडिंग्ज

पोलादपूरहून वायरलेस आला. सावित्री नदी चढते आहे, अजून चढेल. मी टेबलावर ग्राफ पसरला.

साठच्या दशकातली गोष्ट. पुलाच्या कामावर मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. पोलादपूरला नदीची पातळी इतकी, तर काही तासांनी खाली दासगावला किती, हे सांगणारा कर्व्ह आमच्या महाडच्या ऑफिसने बसवला होता. कर्व्ह बसवायचा म्हणजे जुन्या रीडिंगांचे ठिपके मांडायचे आणि त्यांच्या जमेल तितक्या जवळून जाणारी रेघ काढायची. ती किती जवळून गेली, हे एक आकडा सांगतो. तो एकाच्या जवळ आला की फिट चांगला, साहेब खूश. आमचा तर एकाला टेकलाच होता.

कर्व्ह म्हणत होता, दासगावच्या काठावरच्या आमच्या पुलाच्या मजुरांच्या झोपड्या कोरड्या राहतील.

पण दासगावला खाडीची भरती येते. भरतीच्या वेळची रीडिंग्ज रेघेपासून लांब पडत, म्हणून साहेबांनी ती बाद करायला लावली होती. उरलेले ठिपके शहाण्या मुलांसारखे रेघेवर बसले. आणि आज पौर्णिमेचं उधाण होतं.

"साहेब, झोपड्या हलवूया. आजच्यासारखा दिवस या कर्व्हमध्ये नाहीच."

"इतका सुंदर फिट आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"भरतीची रीडिंग्ज."

"भित्रे आहात झालं."

होतोच. जीप काढून दासगाव गाठलं. मुकादम कोंडीबा हा कापडे नावाच्या गावचा, मजूरही बरेचसे त्याच्याच भावकीतले. चुली पेटलेल्या होत्या.

"पाणी लय खाली हाय, सायेब. रांधलेलं टाकून कुठं जायाचं?"

"कोंडीबा, तुमच्या पाया पडतो. पोरं तरी उचला."

माझा आवाज फाटला. पाण्याला नाही, त्या आवाजालाच तो घाबरला असावा. "उठा रे! चल गो, भांडी नको घेऊस!" ओरडत तो झोपडी-झोपडीतून फिरला.

आम्ही टेकाडावर पोचतोय तोवर भरती आत घुसली. पुराला पुढे वाटच उरली नाही. पाणी जागच्या जागी फुगलं आणि उजेड असतानाच झोपड्या छपरांसकट गेल्या. कोंडीबा पोरं मोजत होता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सगळी होती.

दुसऱ्या दिवशी त्या पुराचा ठिपका मी ग्राफवर टाकला. रेघेच्या कितीतरी वर पडला. साहेबांनी तो वाकून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"भरतीतला आहे. बाद करा, फिट बिघडेल."

तेव्हापासून कुणी फार छान फिट दाखवला की मला आधी धडकी भरते. मग मी विचारतो, यातून गाळलं काय काय?