ओल्या हवेतला कूलर

भूगोल शिकवणाऱ्या बाईचं घरात कोणी ऐकत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेतली पोरं परीक्षेपुरतं तरी ऐकतात. घरात तेवढंही नाही.

माझे आईबाबा वाकोल्याला एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. लग्न झाल्यावर मी मुलुंडला आले आणि धाकटा भाऊ नोकरीसाठी नागपूरला गेला. तो गेला तो तिकडचाच झाला. बाबा गिरणी कामगार, मूळ मालवणकडचे. गिरणी गेली, पण गिरणीतला आवाज काही गेला नाही. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय लागलेला माणूस, घरातसुद्धा ओरडूनच बोलायचा. पंचाहत्तरी उलटली होती. हृदयाचं दुखणं होतं, पायावर सूज यायची म्हणून लघवी होण्याची गोळी चालू होती. त्या गोळीने अंगातलं पाणी कमी होतं, हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी मार्चमध्येच उन्हाने आमची वाट लावली. एरवी मुंबईला दुपारी समुद्र वाचवतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. खारदांड्याच्या बाजूने येणारा तो वारा जेवणं आटपेपर्यंत आमच्या गॅलरीत पोचायचा, आणि बाबा त्याची वाट बघत बनियनवर बसलेले असायचे. पण मार्चमध्ये काही दिवस असे येतात की पूर्वेकडून, जमिनीवरून, कोरडा वारा जोरात सुटतो. मग समुद्राचा वारा तिकडेच अडतो, दुपार टळून गेली तरी आत येत नाही. त्यात सोसायटीने गळतीसाठी गच्चीवर काळं डांबर मारून घेतलेलं. काळ्या रंगाने दिवसभर ऊन पिऊन घ्यायचं आणि खालच्या स्लॅबने ते रात्रभर आमच्या घरात सोडायचं. छताला हात लावला तर दिवेलागणीलासुद्धा चटका बसायचा.

मी म्हटलं, एसी बसवू. बाबा म्हणाले, सांधे आखडतात. विषय संपला.

भावाला फोनवर हे सगळं कळलं आणि त्याने थेट घरी कूलर पाठवला. भला मोठा, चाकांचा, लोखंडी. नागपुरात उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातला कर्ता माणूस. पोराने मनापासून पाठवला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. बाबांनी त्याला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. आई बादल्या भरभरून त्यात पाणी ओतायची. जाळीवरच्या गवतातून पाणी ठिबकायचं, पंखा त्यातून हवा ओढायचा, पाण्याची वाफ व्हायची आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता घेऊन जायचं. माठातलं पाणी गार होतं ते असंच. आपल्याला घाम येतो तोही ह्याचसाठी, वाळण्यासाठी. नुसता येऊन उपयोग नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मार्चमध्ये तो चालला. झकास चालला. पूर्वेचा वारा कोरडा होता, त्याला पाणी हवंच होतं. बाबा कूलरसमोर खुर्ची टाकून बसायचे, भाऊ व्हिडिओ कॉल करायचा आणि बाबा फोन कूलरकडे वळवून त्याला त्याचाच कूलर दाखवायचे.

"बघ ताई, बाबा कसे मजेत आहेत," तो मला म्हणायचा.

एप्रिल सरता सरता हवा फिरली. पूर्वेचा वारा बंद झाला आणि समुद्राची ओल आत आली. कपडे दोरीवर दोन दिवस लोंबकळायला लागले, मिठाच्या बरणीत गोळे झाले. हवेत पाणी मावायलाही काही हद्द असते. ती भरत आली की नवीन वाफ जाणार कुठे? कूलरमधलं पाणी वाळेना, म्हणजे गारवा होईना, आणि जेवढं काही वाळत होतं तेवढं खोलीतली हवा आणखी ओली करत होतं. त्यात आईने खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या. धूळ येते, डास येतात, आणि गारवा बाहेर जातो. डोंबलाचा गारवा! भिंतींना घाम फुटला होता. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि कोणीतरी नुकतंच कढत पाण्याने आंघोळ करून गेलेल्या न्हाणीघरात शिरल्यासारखं वाटलं.

मी कूलर बंद केला, खिडकी उघडली. बाबा ओरडले. मी गेल्यावर खिडकी पुन्हा लावली गेली, हे मला दुसऱ्या दिवशी आईनेच सांगितलं.

मग मी माझ्या पद्धतीने भांडले. शाळेच्या प्रयोगशाळेत एक साधं उपकरण आहे. पट्टीवर दोन तापमापक, त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं फडकं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी उडून जातं आणि तो पारा खाली उतरतो. दोन पाऱ्यांत जेवढं अंतर जास्त, तेवढा आपला घाम वाळणार. अंतर मिटलं की घाम नुसता ओघळतो, अंग तापतच राहतं. आणि ओल्या फडक्याचा पारा चढत चढत अंगाच्या उष्णतेच्या आसपास पोचला, तर सावली, पंखा, पाणी, काहीही करा, शरीरातली उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. तिथे धडधाकट तरुणाचेसुद्धा हाल होतात. म्हाताऱ्या, दुखणेकरी माणसाला तर त्याच्या कितीतरी आधीच त्रास सुरू होतो, कारण अंग गार ठेवण्यासाठी कातडीकडे रक्त ढकलायचं काम हृदयालाच करावं लागतं. हे सगळं मी मे महिन्याच्या सुट्टीत ते उपकरण पिशवीत घालून वाकोल्याला नेऊन आमच्या बाबांना शिकवलं. आधी गॅलरीत धरलं, मग खोलीत कूलरसमोर. गॅलरीत दोन पाऱ्यांत बऱ्यापैकी अंतर होतं. खोलीत ते दोघे जवळजवळ एका रेषेत आले.

बाबा बघून हसले.

"माका शाळा शिकवू नको गो चेडवा," ते म्हणाले. "आमच्या खात्यात फवारे मारून हवा ओली ठेवीत, नायतर सूत तुटता. थंय जल्म काढलंय मी. माका काय होवचा नाय."

ते खरंच होतं. गिरणीत मागांच्या विभागात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, कोरड्या हवेत धागा तुटतो म्हणून. धागा सांभाळायचे, माणसाचं काय ते माणसाने बघावं.

"बाबा, तेव्हा तुम्ही तिशीत होतात," मी म्हटलं. "आता हृदय तेवढं राहिलंय का?"

"झिलान धाडल्यान तो. बंद करूचो नाय."

झालं. पालथ्या घड्यावर पाणी. मुलगा दोन वर्षांत घरी आला नव्हता, कूलर आला होता. बाबा रोज सकाळी त्याला स्वच्छ फडक्याने पुसायचे. ह्याच्यापुढे माझे दोन तापमापक काय टिकणार? भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, पंप नीट चालतोय का बघ, गवत बदलून घ्या." उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं! मी चिडून फोन ठेवला. बाबांना मुलुंडला चला म्हटलं, तर सोमवारी येतो म्हणाले. त्याआधी शुक्रवार होता.

शुक्रवारी भर दुपारी आईचा फोन आला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"गो, हे काय बडबडतत समजना नाय. माका मुकादम समजतत. पाळी बदलली काय, विचारतत."

उन्हाने, तापाने माणूस असंबद्ध बोलायला लागला की समजायचं, उष्णता मेंदूपर्यंत पोचली. मी ओरडले, कूलर बंद कर, दारंखिडक्या सताड उघड, शेजाऱ्यांना बोलाव, त्यांना गॅलरीत फरशीवर निजव, अंगावर ओलं फडकं टाकून पुठ्ठ्याने वारा घाल, ॲम्ब्युलन्सला फोन कर. मुलुंडहून वाकोल्याला रिक्षा काय उडत येते? सिग्नलला, मेट्रोच्या खोदकामाला, सगळ्या जगाला शिव्या घालत मी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना गॅलरीत आणलं होतं. अंग हाताला भाजत होतं. डोळे उघडे होते, पण मला ओळखलं नाही. आत कूलर चालूच होता. त्या गडबडीत तो बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ते गेले.

कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं. मी डॉक्टरांना विचारलं, उष्णतेचं लिहिणार नाही का? ते म्हणाले, मॅडम, वय होतं, हृदय कमजोर होतं. त्यांचंही चुकलं नाही. कूलर नसता तर बाबा वाचलेच असते, अशी शपथ मी घेणार नाही. वरचा स्लॅब, ती हवा, ती गोळी, ते वय, सगळं होतंच. पण पूर आला तर पुराने माणूस गेला म्हणतात. ओल्या उन्हाने गेलेल्या माणसाचं नेहमी वयच झालेलं असतं. ह्याचा मला संताप येतो, अजून येतो.

भाऊ रात्रीच्या विमानाने आला. दिवस झाले, पाहुणे गेले. मग एका दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो, आई आत भांडी आवरत होती. तो कूलरकडे बघत होता.

"ताई, त्या दिवशी हा चालू होता ना गं?"

"होता."

"बरं झालं. निदान शेवटी तरी त्यांना थोडं गार वाटलं असेल." त्याचे डोळे भरून आले.

वर्गात चुकीचं उत्तर मी एकाचंही सोडत नाही. त्या दुपारी सोडलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते मला जमलं, कारण तो माझा भाऊ आहे आणि त्याचा बाप गेला होता.

तेवढ्यात तो म्हणाला, "आता आईला लावत जा म्हणावं. ती एकटी असली की लावणार नाही, तू रोज फोन करून आठवण कर."

"नाही लावायचा," मी म्हटलं.

"का?"

मग मला सांगावंच लागलं. हळू आवाजात, पण सगळं. हवेची हद्द, दोन पारे, बंद खोली. तो इंजिनियर आहे, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरत गेला.

"तिकडे कूलर खिडकीच्या बाहेर बसवतात गं," तो म्हणाला. "खिडकी बंद करून कोणी लावेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"खिडक्या उघड्या असत्या तरी मे महिन्यात त्याने फार काही केलं नसतं," मी म्हटलं. "पण बंद खोलीत तो नकोच."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खिडक्या आईने लावल्या होत्या. रोज, स्वतःच्या हाताने.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. आमच्याकडे तिने बघितलं नाही. भाऊ उठून कूलरमधलं उरलेलं पाणी बादलीत काढायला लागला, तर म्हणाली, "ओतू नको रे. उद्या पाणी येवचा नाय. भांड्यांक होईत." मग तिने पुढची खिडकी उघडली, मागची उघडली, न्हाणीघराची झडपसुद्धा उघडली. बाहेरून गरम हवा आत आली. मी म्हटलं, आई, तुझा काही दोष नाही गं, तुला कोणी सांगितलंच नव्हतं.

मुलुंडला ती येत नाही. त्यानंतर तिने घरातली एकही खिडकी लावलेली नाही. पावसाळ्यात पाणी आत येतं, गादी भिजते. ती फरशी पुसते, गादी भिंतीकडे सरकवते आणि खिडकी तशीच उघडी ठेवते.