लोकऱ्याचा कोट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांनी अंग चोरून बसायचं. पण नजर मोठी पक्की! एकदा माप घेतलं की ते डोक्यातून पुसलं जायचं नाही. "तुमचा उजवा खांदा यंदा अर्ध्या बोटाने उतरलाय," असं ते माणसाला तोंडावर सांगायचे आणि माणूस रागवायचं सोडून कौतुकाने हसायचा. कात्रीला मात्र कुणी हात लावायचा नाही. त्या कात्रीने फक्त कापड कापायचं, कागद तर नाहीच नाही. बायकोने एकदा घाईत त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापली, तर स्वारी दोन दिवस घुम्यासारखी बसली होती.

कुत्रं हवं होतं ते बायकोला. लेक लग्न होऊन गेली, मास्तर दिवसभर पुढे मशीनवर, आणि मागच्या खोल्या तिला खायला उठायच्या. टोकदार कानांची, झुबकेदार शेपटीची पांढरी पिल्लं कुणाकडे तरी आहेत असं कळलं, तशी ती मास्तरांना ओढतच घेऊन गेली. मास्तरांनी सवयीप्रमाणे सगळ्यांत शुभ्र पिल्लू उचललं.

"ठेवा खाली," ती म्हणाली. "आधी याची आई बघू द्या."

"आई कशाला? न्यायचंय पिल्लू."

"आई तापट असली की पोरं तशीच निघतात. तुम्ही मला पसंत केलंत तेव्हा माझ्या आईशी दोन शब्द तरी बोलला होतात का? म्हणून तर फसलात!"

आई शांत निघाली. मग ही बाई पिल्लांकडे पाठ करून फरशीवर बसली आणि बसूनच राहिली. बाकीची आपसांत लोळत होती. एक मळकट पिल्लू तेवढं मागून आलं आणि तिच्या पिशवीचा बंद चघळायला लागलं. तेच घरी आलं. त्याचं नाव पडलं लोकऱ्या.

रोज संध्याकाळी ती त्याला मांडीवर घेऊन विंचरायची. नुसती वरवर फणी फिरवून भागत नाही, केसांचा एकेक थर उलटून मुळापासून सोडवावं लागतं. वर लांब केस आणि खाली मऊ लोकर, गाठी होतात त्या लोकरीत. कानामागे, काखेत ती बोटांनी चाचपून बघायची आणि लोकऱ्या डोळे मिटून पडायचा.

"एवढे लाड माझ्या गिऱ्हाइकांचेही होत नाहीत," मास्तर दारातून म्हणायचे.

"गिऱ्हाइकांचं नावसुद्धा काढू नका! माझं निळं कापड किती दिवस पडलंय?"

तिने हौसेने गाऊनसाठी निळं सुती कापड आणलं होतं. मास्तर म्हणायचे, घरचंच तर काम आहे, होईल सावकाश. पण दर वेळी कुणाची ना कुणाची निकड मध्ये यायची. ती आपली दोन-चार दिवस कुरकुरायची, मग कापड पुन्हा कपाटात जायचं.

आणि एका आजारपणात ती गेली. धड निदान व्हायच्या आतच गेली.

लोकऱ्या मास्तरांना फणी लावू देईना. फणी दिसली की गुरगुरायचा. बरोबरच आहे म्हणा, मास्तर गाठ वरून ओढायचे. दोन महिन्यांत काखेत आणि पोटाखाली लोकरीचा नुसता गोळा झाला. त्यात उन्हाळा आला. कुत्रं जीभ बाहेर टाकून फरशीवर पडलेलं बघून मास्तरांचा जीव तुटायचा. आणि इथे त्यांच्यातला शिंपी आड आला! एवढ्या उन्हात जाड अस्तराचा कोट घालून कुणी बसेल का? मास्तरांनी लोकऱ्याला कापडाच्या टेबलावर धरलं आणि ती कात्री, जिला कुणी हात लावायचा नाही ती, हातात घेतली. पार कातडीपर्यंत कोट उतरवला. "आता हलकं वाटेल रे," ते म्हणाले. ती गेल्यापासून आपल्या हातून पहिल्यांदाच काही नीट झालंय, असं त्यांना वाटलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मास्तर, हे काय करून ठेवलंत! याची लोकर थंडी अडवते तशी ऊनही अडवते."

"येईल ना परत?"

"येईल कदाचित. या जातीत कधी कधी येतच नाही. उन्हात नेऊ नका, थंडीत उघडा ठेवू नका."

नाही आली. पाठीवर चार-दोन पुंजके आणि बाकी करडी कातडी. थंडी पडली तसा लोकऱ्या पलंगाखाली कुडकुडायला लागला. मास्तरांनी चिंध्या जोडून अंदाजाने कोट शिवले. कुठे काखेत काचायचे, कुठे पोटाशी लोंबायचे. लोकऱ्या दातांनी फाडून मोकळा व्हायचा. पुढे त्याने खाणंही कमी केलं.

लेक येऊन बघून गेली. जाताना हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका, तुम्हाला हे जमत नाहीये. रविवारी येऊन मी नेते त्याला."

मास्तर कुठल्या तोंडाने नको म्हणणार? पण हे कुत्रं म्हणजे बायकोने निवडलेलं, तिने वाढवलेलं. ते गेलं की घरात तिचं म्हणून हलतंबोलतं काही उरणार नव्हतं.

शनिवारी अस्तराला काही मिळतं का म्हणून त्यांनी कपाट उपसलं, तेव्हा निळं कापड हाताशी आलं. घडी अजून दुकानातून आणलेली तशीच. ते मग टेप घेऊन पलंगाजवळ आले आणि बायकोसारखे लोकऱ्याकडे पाठ करून फरशीवर बसले. गुडघे दुखायला लागले तरी उठले नाहीत. शेवटी मागे खुडबुड झाली. लोकऱ्या टेपचं टोक चघळत होता.

त्याने माप घेऊ दिलं. मान, छाती, पाठ. मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं आणि हाताने सवयीने जुळवाजुळव सुरू केली: कोट निघून तिच्या गाऊनपुरतं उरेल का? खांदा किती धरायचा, उंची किती? आणि पुढे आकडाच येईना. सगळ्या गल्लीची मापं तोंडपाठ, आणि तिचं माप त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. मास्तर टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी कात्री चालवली.

रविवारी लेक पट्टा घेऊन आली. निळ्या कोटातला लोकऱ्या मास्तरांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता, आणि मास्तर त्याच्या कानामागे बोटांनी चाचपून बघत होते. तिने कापड ओळखलं. पट्टा पिशवीत परत टाकला.

"उंचीने आई तुझ्याएवढीच होती ना गं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही बाबा, बोटभर बुटकी. आणि डावा खांदा उतरलेला होता तिचा. पाणी भरून भरून."

मास्तरांचा हात लोकऱ्याच्या मानेवर थांबला.

"डावा?" ते म्हणाले. "मला कसा नाही दिसला गं?"