उपासाला टमाटर

शुद्धलेखन चुकलं असेल, माफ करावं. अक्षरही वाईट आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षरासाठी बाईंनी मला एकदा खडूचा डबा बक्षीस दिला होता. आता उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. पेन मुठीत धरावा लागतो. वही कुणाला दाखवायची नाही, तरी लिहून ठेवते.

मी शनिवारच्या बाजारात टमाटर विकते. आमच्या बाजारात भाजीची ओळ वेगळी, फळांची वेगळी. बसायची पावती भाजीला वीस रुपये, फळाला चाळीस. माझं पोतं भाजीच्या ओळीत शेवटचं. माझ्यानंतर संत्रीवाली मावशी, तिथून फळं सुरू.

बाजाराच्या ठेकेदाराचा पावती फाडणारा माणूस नवीन आला, तेव्हा तो माझ्यापुढे थांबला. "चाळीस काढ."

मी वीसची नोट धरली. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही.

"मोबाईलमध्ये लिहून हाय, टमाटर फळ हाय म्हणून. बिया हायेत ना अंदर? मंग फळ."

मावशी म्हणाली, "भेंडीत बी बिया रायते गा. तिच्याकडून काहून नाही घेत?"

त्याने मावशीच्या टोपलीला लाथ मारली. संत्री रस्त्यावर गेली, दोन मोटरसायकलखाली फुटली. मग त्याने माझं पोतं ओढलं. सगळे टमाटर मातीत पडले. मी चाळीस दिले. भेंडीवालीजवळ तिचा नवरा बसत होता. माझ्याजवळ कुणी बसत नव्हतं.

वरचे वीस रुपये म्हणजे माझं घरी जायचं ऑटो. ते गेले की टोपली डोक्यावर घेऊन पायी जायचं. पोचेपर्यंत मान दगड व्हायची. प्रत्येक बाजाराला मी तराजूच्या दांडीवर खिळ्याने एक रेघ ओढत होते. पाचव्या रेघेच्या दिवशी मी पैसे काढायला उशीर केला, तर त्याने माझा कान पिळला, लहान पोरीचा पिळतात तसा. कानातल्या कुडीने मांस फाटलं. गिऱ्हाईक उभं होतं. मी पदराने रक्त पुसलं आणि गिऱ्हाइकाला अर्धा किलो तोलून दिले.

अकराव्या वेळी नवरात्र चालू होतं. त्याचे नऊ दिवसांचे उपास होते. पायात चप्पल नव्हती, कपाळभर कुंकू. दुपारची वेळ. त्याने आधी माझ्याकडून चाळीस घेतले आणि मग मावशीच्या टोपलीतून न विचारता दोन संत्री उचलली.

"उपास हाय मावशी. फळाशिवाय काही चालत नाही मले."

आम्ही बौद्ध. आमच्या घरी उपास नाहीत, त्यामुळे कुणाला काय चालतं ते मला नीट माहीत नाही. मी एक चांगलं लाल टमाटर पदराला पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं. मी थट्टा केली का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. धरताना वाटलं होतं की भुकेला आहे, खाईल. पण हात मागे घेतला नाही, हेही खरं.

आधी भेंडीवाली हसली. मग सगळी ओळ.

"खा ना गा भाऊ, फळ हाय ना."

"देवीले इचारून घे आधी."

"नाही चालत उपासाले? मंग चाळीस कायचे घेतले?"

तो टमाटरकडे बघत राहिला. तोंडात संत्र्याची फोड तशीच होती. मग त्याने माझं दोन किलोचं वजन उचललं. मी हात खाली घेतला, पण हात पोत्यावर टेकला आणि त्याने वजन माझ्या बोटांवरच घातलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. तो मालावर चढला आणि अनवाणी पायांनी टमाटर तुडवू लागला. रस माझ्या तोंडावर उडत होता. त्या रसावरच त्याचा पाय घसरला आणि तो पाठीवर आपटला.

बायका तुटून पडल्या. चपला, टोपल्या, भेंडीवालीने तर वांग्यांची रिकामी पेटी घातली त्याच्या अंगावर. तो तोंड झाकून पडला होता, मारत नव्हता. मी डाव्या हाताने अर्ध्या किलोचं वजन घेतलं आणि त्याच्या कानावर हाणलं. परत हाणलं. कानातून रक्त आलं ते मी पाहिलं आणि पुन्हा हात उचलला. मावशीने मनगट धरलं.

"सोड वं. मरन तो."

मला तेव्हा थांबायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी साऱ्या बाजाराने पावती फाडायला नकार दिला. ठेकेदार स्वतः आला. माझ्या हाताला प्लॅस्टर, त्याच्या माणसाच्या कानात कापूस. मावशीने तराजूची दांडी ठेकेदारापुढे धरून रेघा मोजल्या. अकरा. दोनशे वीस रुपये.

"टमाटर भाजीतच धरा," ठेकेदार म्हणाला. "जास्तीचे वापस कर रे हिले. अन् दवाखान्याचा खर्च?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली.

"तिचे बोटं अन् याचा कान, बरोबर झालं," मावशी म्हणाली. "पोलिसात कोणीच जात नाही. पैसे तेवढे पाहिजे."

पावतीवाल्याने त्या दिवशी शंभर दिले. बाकीचे दिवाळीनंतर म्हणाला.

दिवाळी होऊन दोन बाजार गेले. मी गिऱ्हाईकासाठी अर्ध्या किलोचं वजन उचललं होतं, तेव्हा तो समोर आला. माझ्या हातात वजन बघून तो दोन पावलं मागे सरकला आणि हात कानावर नेला. मी वजन पारड्यात ठेवलं. मग तो पुढे आला. एका कानाने ऐकू येत नाही म्हणून मान वाकडी करून उभा राहिला. त्याने शंभरची एक आणि दहाच्या दोन नोटा पोत्यावर ठेवल्या, टमाटरला हात न लावता. मी डाव्या हाताने मोजल्या. पैसे पूर्ण फिटले होते.