ताडकळसची शक्की पोरगी

ताडकळसच्या बसवंतअप्पांच्या पोरीला, स्वप्नाला, लहानपणापासून एकच खोड. एकदा बघून तिचं समाधान म्हणून व्हायचं नाही. मोटारसायकलवर बसताना स्टँड वर गेलाय का ते वाकून बघायची, आणि वेशीपाशी पुन्हा, "अप्पा, थांबा जरा!" गॅस बंद केलाय का बघायला तर अर्ध्या वाटेतून माघारी. आई चन्नबसम्मा बेजार. "बघितलं की एकदा! लय शक्की हाय बाई ही. सासरी कशी नांदायची?"

सासरचं सासरी, बंगळुरूच्या एका रॉकेट कंपनीनं या खोडीलाच पगार लावला. आता बोला! गावाला वाटतं, स्वप्ना रॉकेट उडवते. कसलं उडवते? रॉकेटचे भाग यंत्रावर गदागदा हलवायचे आणि हलवण्याआधीची अन् नंतरची अशा आलेखावरच्या दोन रेघा एकमेकींवर बसतात का बघायचं. नाही बसल्या, तर आत काहीतरी सैल झालंय. त्याला गणित लागतं, धातूची जाण लागते, आणि साहेबांसमोर नाही म्हणायची छाती लागते. ती काही कॉलेजात शिकवत नाहीत.

अप्पांना कुठला धीर! उड्डाणाला चार दिवस होते, तरी आठवडी बाजारात पेढे वाटून मोकळे. "आमच्या पोरीचं रॉकेट जायलंय वर!" टीव्ही बघायला अख्ख्या गल्लीला आवतण.

त्याच दुपारी, शेवटच्या तपासणीत, एका जोडाच्या दोन रेघा स्वप्नाला किंचित सरकलेल्या दिसल्या. साहेब म्हणाले, "एवढं चालतं." बाकीचेही म्हणाले, चालतं. स्वप्नाच्या डोळ्यांपुढं अप्पांनी फोनवर सांगितलेले पेढे आले. सही केली तर अप्पांची इज्जत राहत होती. तिनं पेन खाली ठेवलं. "जोड उघडून बघितल्याशिवाय माझी सही नाही." उड्डाण पुढं ढकललं.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. "अप्पा, रॉकेट जात नाही. मीच थांबवलं."

"थांबवलं?" अप्पा मोठ्यानं म्हणाले. ओट्यावरचा शेजारी भुजंग खुदखुदला, "अप्पा, पेढे माघारी गोळा करायचे का?"

अप्पा तडकले. "खाल्लास न्हवं? मग गप बस. एवढं मोठं रॉकेट थांबवलंय माझ्या पोरीनं. तू तुझी म्हैस तरी थांबवून दाखव!"

चन्नबसम्मानं फोन ओढून घेतला. पलीकडं स्वप्ना रडकुंडीला आलेली. "आई, माझी शंका खोटी निघाली तर गं?"

जन्मभर हिच्या बघण्याला वैतागलेली ती बाई म्हणाली, "निघू दे की. तू आणखी एकदा बघ."