'काळकडा'चे तीन अल्बम आणि माझा संशय

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या माझ्या ठिबक सिंचनाच्या दुकानात होतो. हृदय बंद पडलं म्हणाले. वय अवघं चव्वेचाळीस. मी शटर ओढलं, अंत्ययात्रेला गेलो, आणि सांगायला लाज वाटते, पण तिथे रडणाऱ्यांचे चेहरे निरखत उभा राहिलो. माझ्या गाण्यांत ज्याचा गळा अनंताने चोरून घुसवला तो गायक यांच्यातच असणार, असं मला वाटत होतं...

आमचा बँड 'काळकडा'. सिम्फॉनिक पॉवर मेटल म्हणजे गिटार-ड्रमचा दणका, त्यावर व्हायोलिनांचा आणि कोरसचा थाट, आणि सगळ्यांच्या वर चढणारा गायकाचा गळा. गळा माझा; चाली, कीबोर्ड, रेकॉर्डिंग अनंताचं. पहिला अल्बम आम्ही द्राक्षांचा हंगाम संपल्यावर रिकाम्या पॅकहाउसमध्ये केला, लग्नाच्या बँडातले सनईवाले आणि ट्रम्पेटवाले बसवून. त्यात तलवारी होत्या, उडते सर्प होते आणि नाचणीची भाकरी खाणारा राजा होता. लोक हसले, पण माझ्या वरच्या सुराला हसायची कोणाची टाप नव्हती. दुसऱ्यात तळेघरच्या बायकांचा कोरस आला, चाली गंभीर झाल्या. तिसरा सगळा अनंताच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. मला दोनदा गायला लावून तो म्हणायचा, "पुरे राव, बाकीचं मी बघतो."

हे 'बाकीचं' मला खटकलं. एकदा भीमाशंकरला जाणाऱ्या जीपमध्ये इअरफोन घालून तिसरा अल्बम ऐकत होतो, तर माझ्या वरच्या सुराआड दुसरंच कोणी गात होतं. घरी येऊन दुसरा अल्बम लावला. तिथेही दोन गाण्यांत तो होताच. मनात पाल चुकचुकली. मंचरच्या एका गायकाबरोबर अनंता चहा पिताना दिसला होता, ते आठवलं. विचारलं तर हसून म्हणाला, "तुझाच आवाज हाय." तो खोटं बोलतोय हे मला त्याच्या तोंडावरूनच कळलं. त्यानंतर आठ महिने मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोने, वहिनींनी, बोलावलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही उमगत नव्हतं. मी आधी चोरच शोधला. तिसऱ्या अल्बममधला माझा आवाज बंद केला आणि उरलेला ऐकला. तो अनंता होता. चारचौघांत कधी एक ओळही न गुणगुणणारा अनंता. माझा सूर जिथे जिथे घसरला होता, तिथे तो बरोबर वर जाऊन उभा होता. दाराशी त्याचे वडील, आप्पा, बसले होते. उमेदीत ते तमाशाच्या फडात झीलकरी होते, म्हणजे मुख्य गायकामागे उभं राहून सूर धरणारे. ते म्हणाले, "म्होरचा दमला की झीलकऱ्यानं वर जायचं. अन् त्याला सांगायचं न्हाई, नायतर त्यो उद्या उभाच ऱ्हात न्हाई."

म्हणजे माझा गळा दुसऱ्या अल्बमपासूनच उतरत होता, आणि ते सगळ्यांत शेवटी मला कळलं. आधी अनंताचा राग आला, मग स्वतःचा. आणि मग त्याच्याच खुर्चीत बसून मी रडलो.

चौथा अल्बम अर्धवट होता. वाद्यं भरलेली, माझी जागा मोकळी. सगळ्या गाण्यांची पट्टी त्याने खाली आणली होती, माझ्या आताच्या गळ्याला झेपेल एवढी. उंचीवरच जगणाऱ्या या संगीतात असं सहसा कोणी करत नाही. स्वतःच्या आवाजाला त्याने कुठे जागाच ठेवली नव्हती. मी माईक लावला आणि पहिलं गाणं म्हटलं. वरचा सूर आला तेव्हा मागे कोणी नव्हतं. लागला का, असं वहिनींना विचारलं. त्या हो म्हणाल्या... जरा जास्तच पटकन. मी पुन्हा सुरुवातीपासून गायलो.